जुना तुर्की गालिचा: आधी उलटा करून बघा

इस्तंबूलच्या सुलतानअहमेत भागातल्या एका दुकानात सफरचंदाचा चहा पिता पिता मी एक लहानसा नमाजाचा गालिचा घेतला. "दोनशे वर्षांचा आहे," दुकानदार म्हणाला आणि मी मान डोलावली. नक्षी जुनी दिसत होती, एवढंच माझं ज्ञान. पुण्यात आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात खिडकीतून झड आली, गालिच्याचा कोपरा भिजला, आणि सकाळी बघते तर लाल रंग शेजारच्या पांढऱ्या पट्टीत उतरलेला. नवी सुती साडी पहिल्या धुण्यात करते, तसंच. त्या दिवशी तो मी पहिल्यांदा पालथा केला. आतला ताणा, म्हणजे उभे धागे, सुती निघाला; जुन्या तुर्की गालिच्यात तो बहुधा लोकरीचा असतो. म्हणजे दुकानात अर्ध्या मिनिटात जी शंका यायला हवी होती, ती यायला मला आठ महिने लागले.

त्यानंतर संग्रहालयांत, लिलावांच्या प्रदर्शनांत आणि जाणकारांच्या मागे लागून जे शिकले ते इथे क्रमाने सांगते. उदाहरणाला एकच प्रकार घेतला आहे, लोत्तो गालिचा. पश्चिम अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाच्या पश्चिम भागात, बहुधा उशाक गावाच्या परिसरात, सोळाव्या आणि सतराव्या शतकात विणला गेलेला. तो चित्रांत आहे, चर्चमध्ये आहे, संग्रहालयांत आहे आणि नकला करणाऱ्यांचाही लाडका आहे. हा एक नीट वाचता आला की बाकीचे अर्धे आपोआप वाचता येतात.

पहिलं काम: नाव बाजूला ठेवा

लोत्तो हे विणणाऱ्याचं नाव नाही, गावाचंही नाही. लोरेंझो लोत्तो हा इटालियन चित्रकार. व्हेनिसच्या सान्ती जोव्हान्नी ए पाओलो चर्चमध्ये त्याचं १५४२ सालचं संत आंतोनिनोचं मोठं चित्र आहे, त्यात कठड्यावर हा गालिचा पसरलेला दिसतो. पण चित्रात हा नमुना आणणारा तो पहिला नव्हे. सेबास्तियानो देल पियोंबोने १५१६ मध्ये कार्डिनल बांदिनेल्लो साउली याचं चित्र काढलं, त्यातल्या टेबलावर हाच नमुना आहे. म्हणजे न्यायाने नाव द्यायचं तर पियोंबोचं द्यायला हवं होतं.

होल्बाइन गालिच्यांचं तर आणखी गमतीचं. हान्स होल्बाइन धाकटा याने १५३३ मध्ये दोन राजदूतांचं प्रसिद्ध चित्र काढलं, त्यातल्या मांडणीवर मोठ्या अष्टकोनांचा तुर्की गालिचा आहे, म्हणून त्या सगळ्या जातीला त्याचं नाव चिकटलं. असे गालिचे इटालियन चित्रांत होल्बाइनच्या जन्माआधीपासून दिसतात. मेमलिंग, बेल्लिनी, गिरलांदायो ही गालिच्यांची नावंही अशीच चित्रकारांची. सगळी युरोपातल्या अभ्यासकांनी आणि व्यापाऱ्यांनी ठेवलेली. ज्या बाईने मागावर बसून गाठी मारल्या तिला लोत्तो कोण हे माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

म्हणून वहीत दोन रकाने करा. एका बाजूला वस्तूत जे प्रत्यक्ष दिसतं ते: लोकर, गाठ, रंग, नक्षी. दुसऱ्या बाजूला लोक तिच्याबद्दल जे बोलले ते: नाव, किंमत, "अमक्या घराण्यातला", "तमक्या संग्रहातला". दोन्ही रकाने महत्त्वाचे आहेत, पण एकात दुसरं मिसळलं की फसगत ठरलेली.

मग पाठ

गालिचा पालथा घाला. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा, आणि ताण्यावर मारलेल्या गाठींची कापलेली टोकं म्हणजे वरची लव. तुर्की गाठीत लोकरीचा धागा शेजारच्या दोन ताण्यांवरून जातो आणि त्याची दोन्ही टोकं त्या दोघांच्या मधून वर येतात. पाठीवर त्यामुळे प्रत्येक गाठीचे दोन सारखे मणी शेजारी शेजारी दिसतात. इराणी गाठीत धागा एका ताण्याला पूर्ण वेढा देतो आणि दुसऱ्याच्या नुसता मागून जातो. खात्री करायची तर गालिचा आडव्या रेषेत दुमडून लव उघडा: तुर्की गाठ असेल तर मुळाशी दोन टोकांवर आडवी पट्टी दिसेल, कॉलरसारखी. या गाठीला गोर्देस गाठही म्हणतात. गोर्देस हे पश्चिम तुर्कस्तानातलं गाव.

इथे एक सावधगिरी. ही गाठ म्हणजे गालिचा तुर्की, असं नाही. इराणमधल्या तब्रीझमध्ये आणि कॉकेशसमध्येही हीच गाठ मारतात. उलट ऑटोमन दरबारासाठी विणलेले काही उंची गालिचे इराणी गाठीचे आहेत. गाठ ही साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही.

उशाकच्या जुन्या गालिच्यात ताणा लोकरीचा असतो, रंग न दिलेल्या पांढुरक्या लोकरीचा, आणि बाणाही लोकरीचाच, पण बहुतेक वेळा लाल रंगवलेला. लोत्तो म्हणून दाखवलेल्या गालिच्याच्या झालरीत, म्हणजे ताण्याच्या बाहेर आलेल्या टोकांत, पांढराशुभ्र सुती दोरा दिसला तर तिथेच थांबा. माझा अनुभव आठवा.

आता गाठी मोजा. पट्टी ठेवून पाच सेंटिमीटर आडव्या आणि पाच सेंटिमीटर उभ्या. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून चाराने भागला की साधारण एका चौरस इंचाचा आकडा मिळतो. उशाकच्या जुन्या कामात चौरस इंचाला ढोबळमानाने ६० ते १०० गाठी निघतात. इस्तंबूलजवळच्या हेरेकेच्या रेशमी गालिच्यात याच्या कित्येक पट निघतील. दुकानदार हा आकडा किमतीशी जोडून सांगतात, पण तो फक्त ओळखीचा आकडा आहे, गुणांचा नव्हे. जाड लोकरीच्या, कमी गाठींच्या गालिच्यात रंगांचे जे मोठे सलग भाग उतरतात ते बारीक कामात उतरत नाहीत. माझं मत विचाराल तर गाठी मोजून गालिचा घेणं म्हणजे शब्द मोजून कविता घेणं.

पाठीवर आणखी दोन गोष्टी शोधा. एक, तिरकस जाणाऱ्या बारीक रेषा. रुंद मागावर विणणारी एका जागी बसून आपल्या पुढ्यातला तुकडा थोडा वर नेते, मग सरकून शेजारचा भरते. दोन तुकड्यांच्या सांध्यावर ही रेषा राहते. दोन, दुरुस्ती. पुन्हा मारलेल्या गाठी वरून कितीही बेमालूम असल्या तरी मागून जागा थोडी फुगीर किंवा वेगळ्या रंगाच्या बाण्याची दिसते. चारशे वर्षं जगलेल्या वस्तूत दुरुस्ती असणं हा दोष नाही. ती लपवणं हा दोष.

नक्षी वाचताना

आपल्याला साडीमुळे यातलं निम्मं आधीच येतं. काठ वेगळा, अंग वेगळं. गालिच्यात एक रुंद काठ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक काठ असतात, आत अंगाचा भाग.

लोत्तोचं अंग लाल, आणि त्यावर पिवळ्या रंगाची पानांची जाळी. मधे मधे निळ्याचे ठिपके. पहिल्यांदा नुसतं गुंतवळ दिसतं. जरा मागे सरका आणि डोळे किंचित बारीक करा: एका ओळीत अष्टकोन, दुसऱ्या ओळीत अधिकचिन्हासारखा चौफुला, पुन्हा अष्टकोन. लहान नमुन्याच्या होल्बाइन गालिच्याचा हाच सांगाडा आहे. तिथे रेषा गाठीसारख्या स्वतःभोवती वळतात, इथे त्यांना पानं फुटली आहेत. म्हणजे दोन्ही एकाच घरातले. अमेरिकन अभ्यासक चार्ल्स ग्रँट एलिस यांनी लोत्तोच्या तीन शैली पाडल्या. एकीत पानं गोलसर आणि सुटसुटीत. दुसरी किलीमच्या, म्हणजे लव नसलेल्या सपाट विणीच्या, वळणाची: कडा पायऱ्यापायऱ्यांच्या. तिसरीत पानांना जास्तीचे काटे आणि आकडे. हे तीन शब्द डोक्यात असले की संग्रहालयातल्या पाटीशिवायही दोन लोत्तोंतला फरक सांगता येतो.

आता काठाजवळ या, हा माझा आवडता भाग. जाळी काठापाशी संपत नाही, काठाखाली शिरते. अष्टकोन अर्धा कापला जातो, चौफुल्याचा पाव भाग दिसतो. काठ इथे चौकट नाही, खिडकी आहे. नक्षी चारी दिशांना अशीच जात राहणार, आपल्याला तेवढाच तुकडा दिसतोय. जुन्या तुकड्यांवर काठात कूफी या कोनदार अरबी लिपीसारखी गुंफण दिसते. अक्षरांचा भास होतो, पण वाचायला जाऊ नका, मजकूर नाही. पुढच्या काळातल्या तुकड्यांत त्या जागी कोनाड्यांच्या आकाराच्या चौकटींची साखळी येते. आणि चारी कोपरे बघा: काठाची नक्षी बहुधा वळत नाही, येते आणि आपटते. ही चूक समजू नका. कोपरे कागदावर आखून न घेता मागावरच सोडवल्याची ती खूण आहे. चारही कोपरे आरशातल्यासारखे जुळले तर मात्र मी दोनदा बघते.

बाकी घराणी भराभर. तारांकित उशाक, लाल अंगावर निळे आठ टोकांचे तारे. पदक उशाक, मधे मोठं पदक आणि बाजूंना त्याचेच कापलेले भाग. लादिकचे नमाजी गालिचे, ओळीने उभ्या देठांच्या ट्युलिपसाठी प्रसिद्ध. मिलास, बेर्गामा, कुला, गोर्देस ही गावांची नावं, त्यातही बाजाराने बरीच सरमिसळ केलेली.

दोन नावांवर थोडं थांबावंच लागेल. पांढऱ्या अंगाच्या एका जातीला पक्षी गालिचा म्हणतात. त्यात पक्षी नाहीत. फुलाभोवतीची टोकदार पानं कुणाला तरी चोच आणि शेपटी वाटली आणि पक्षी कायमचे बसले. दुसरं नाव चिंतामणी: तीन गोळे आणि त्याखाली दोन लहरती पट्टे. होय, शब्द तोच, आपला संस्कृतातला. तुर्की कलेवर लिहिणाऱ्यांनी बौद्ध चिंतामणी रत्नाशी नातं लावून तो या नक्षीला दिला. गोळे म्हणजे बिबट्याचे ठिपके आणि पट्टे म्हणजे वाघाचे, असाही एक अर्थ लावतात. थेऊरच्या गणपतीचं नाव घेऊन कुणी गालिचा विकायला आला तर हसून सोडून द्या.

रंग: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

जुना लाल म्हणजे मंजिष्ठेच्या जातभाईचं मूळ. निळा नीळ घालून. पिवळा वेगवेगळ्या रानफुलांचा आणि पानांचा, हिरवा म्हणजे पिवळ्यावर निळा. त्यामुळेच जुन्या हिरव्यातला पिवळा कधी उडून जातो आणि पान निळसर उरतं.

मग तीन सालं पाठ करा. १८५६: विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम रंग बनवला, जांभळा. १८६८-६९: मंजिष्ठेतला मुख्य लाल रंग, अलिझरिन, जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झाला. १८९७: कृत्रिम नीळ बाजारात आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे रंग अनातोलियाच्या बाजारांत पोचले आणि विणणाऱ्यांनी ते घेतले. का घेऊ नयेत? स्वस्त, झटपट आणि डोळ्यांत भरणारे. फक्त त्यातले सुरुवातीचे दगाबाज निघाले. फुक्सिनचा जांभळट गुलाबी उन्हात करडा होतो. काही लाल पाण्यात सुटतात.

तपासणी अशी. एक, लव दोन बोटांनी फाकवून मुळाशी बघा. मुळाशी भडक गुलाबी आणि टोकाला राखाडी असेल तर रंग उडालाय, आणि तो बहुधा फुक्सिनसारखा आहे. दोन, पांढरा सुती रुमाल ओला करून पिळा आणि लाल जागेवर मिनिटभर दाबा. मालकाला विचारून. रुमालावर गुलाबी डाग आला तर बोलणी तिथेच संपवा. तीन, आणि हे मला एका दुरुस्ती करणाऱ्या बाईंनी शिकवलं: डोळे मिटून हात फिरवा. काळ्या आणि गडद तपकिरी रेषांवर बोटं खाली जातात. तो रंग पक्का करायला लोहयुक्त द्रव्य वापरत, ते लोकर हळूहळू खातं. काळी लव झिजून बाकीची नक्षी कोरल्यासारखी वर राहते. खऱ्या जुन्या तुकड्यात ही झीज एकसारखी नसते. जिथे पाय पडले तिथे जास्त, काठाच्या आडोशाला कमी.

रंगाच्या मोठ्या पट्ट्यांत मधेच छटा बदललेली दिसेल. याला अब्रश म्हणतात. एका खेपेत रंगवलेली लोकर संपली, दुसऱ्या खेपेची घातली. घाबरण्यासारखं काही नाही.

आणि उलटी चूकही करू नका. नैसर्गिक रंग म्हणजे जुना गालिचा, असंही नाही. हाराल्ड ब्योमर या जर्मन रसायनशास्त्राच्या शिक्षकाने जुन्या गालिच्यांचे रंग तपासून कृती पुन्हा शोधल्या, आणि १९८१ पासून वायव्य तुर्कस्तानातल्या आयवाजिकच्या आसपासच्या खेड्यांत दोबाग या प्रकल्पात त्या रंगांनी नवे गालिचे विणले जाऊ लागले. अस्सल मंजिष्ठा, वय फार तर काही दशकांचं.

वय कसं ठरवतात

गालिच्यावर तारीख क्वचितच असते. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अभ्यासकांनी चित्रांचा आधार घेतला. बर्लिनच्या संग्रहालयांचे विल्हेल्म फॉन बोडे त्यात आघाडीवर. चित्रावर साल आहे, चित्रात गालिचा आहे, म्हणजे त्या सालापर्यंत तो नमुना विणला जात होता. युक्तिवाद चोख आहे, पण त्याला एकच दिशा आहे. चित्र सांगतं "तोपर्यंत होता". "कधीपर्यंत होता" हे सांगत नाही. लोत्तोचा नमुना दीडशे वर्षांहून जास्त काळ विणला गेला. त्यामुळे १५४२ च्या चित्राशी जुळतो म्हणून हातातला तुकडा १५४२ चा, हा जावईशोध ठरतो.

चित्रांच्याही मागे जायचं तर मध्य तुर्कस्तानातलं कोन्या शहर. तिथल्या अलाएद्दीन मशिदीत १९०५ च्या सुमारास काही फार जुने गालिचे युरोपीय अभ्यासकांच्या नजरेस पडले. त्यांचा काळ तेराव्या-चौदाव्या शतकाच्या आसपास लावतात. आज ते इस्तंबूलच्या तुर्की आणि इस्लामी कला संग्रहालयात आहेत. तुर्कस्तानला जाल तेव्हा दुकानाच्या आधी तिथे जा.

हातोहात कुठे गेला

आता दुसरा रकाना भरा. युरोपात हा गालिचा आधी टेबलावर चढला. जमिनीवर टाकण्याइतका तो स्वस्त नव्हता. इंग्लंडच्या कार्डिनल वूल्झीने व्हेनिसच्या व्यापाऱ्यांमागे लकडा लावून १५२० मध्ये ६० गालिचे मिळवले. व्यापारातल्या सवलतींच्या बदल्यात, असं म्हणायला हरकत नाही.

दुसरी वाट डॅन्यूबच्या बाजूने. आजच्या रोमानियातला ट्रान्सिल्व्हेनिया हा तेव्हा ऑटोमन व्यापाराच्या रस्त्यावर. ब्राशोव्ह गावाच्या जकातीच्या नोंदींत तुर्की गालिचे येतात. तिथल्या जर्मन भाषक लुथेरन, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाच्या, लोकांनी ते चर्चना दिले, बाकांवर आणि सज्जांवर टांगले. मूर्ती आणि चित्रं काढून टाकलेल्या भिंतींवर रंग आला तो मिहराबीच्या, म्हणजे मशिदीतल्या कोनाड्याच्या, नक्षीचा. ब्राशोव्हच्या काळ्या चर्चमध्ये आजही तुर्कस्तानाबाहेरच्या सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी एक आहे. पाय न पडल्यामुळे हे तुकडे टिकले. तुर्कस्तानातल्या मशिदींत दान आलेले गालिचे मात्र एकावर एक अंथरले जात आणि झिजत. बरेचसे विकले गेले, चोरीलाही गेले. ती गळती थांबावी म्हणूनच १९१४ मध्ये इस्तंबूलला वक्फच्या वस्तूंचं संग्रहालय उघडलं. कोन्याचे गालिचे आज जिथे आहेत ते संग्रहालय हेच, आताच्या नावाने.

त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये ट्रान्सिल्व्हेनियातल्या तुर्की गालिच्यांचं प्रदर्शन भरलं. अमेरिकेत औषधांच्या धंद्यात पैसा मिळवलेल्या जेम्स बॅलार्ड यांनी १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला शंभराहून जास्त गालिचे देऊन टाकले. आणि बर्लिन? तिथले बोडेंच्या काळात जमवलेले कितीतरी मोठे गालिचे १९४५ च्या बॉम्बवर्षावात जळाले. सुरक्षित म्हणून ठेवले होते, त्याच जागी.

नकली लोत्तो

मागणी वाढली की पुरवठा होतोच. बुखारेस्टच्या थिओडोर टुडुकने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोत्तो, पक्षी आणि ट्रान्सिल्व्हेनियन गालिच्यांच्या इतक्या सफाईदार नकला विणून घेतल्या की नामांकित संग्रहालयांनीही त्या अस्सल म्हणून घेतल्या. पुढे त्या उघड्या पडल्या त्या बहुतेक नक्षीवरून. अंग एका काळातलं, काठ दुसऱ्याच. किंवा काठातली गुंफण समजून न घेता नुसती उतरवलेली, त्यामुळे एक दोरा कुठून येतो आणि कुठे जातो हे लागतच नाही. तुम्हीही तेच करा: काठातल्या एका रेषेवर बोट ठेवा आणि तिच्या मागे चालत राहा. अस्सल कामात रेषा कुठे जायचं ते जाणते. झीज सगळीकडे सारखी असेल तरीही शंका घ्या. आता टुडुकचे गालिचेही जमवणारे लोक आहेत म्हणे, तो विषय वेगळा.

घ्यायचाच असेल तर

तुर्कस्तानातून जुना गालिचा बाहेर नेण्यावर कायद्याची बंधनं आहेत, संग्रहालयाचा दाखला लागतो. "आम्ही कुरियरने पाठवतो, काळजी नको" असं ऐकलं की काळजी करा. भारतात शंभर वर्षांवरची कलावस्तू पुरावशेष ठरू शकते, त्यामुळे आणल्यावर पुन्हा परदेशी नेताना १९७२ चा कायदा आडवा येतो. विक्रेत्याला तीनच प्रश्न लेखी विचारा: कुठून आला, कुठे दुरुस्ती झाली, रंग तपासला आहे का. तोंडी उत्तरांना पावती नसते.

पहिली खरेदी तुकड्याची करावी, असं मी सगळ्यांना सांगते. फाटका, काठ नसलेला, हातभर तुकडा. किंमत आवाक्यात असते, नकला करण्यात कुणाला फायदा नसतो, आणि उलटा करून तासन्‌तास बघता येतो.

घरी आणल्यावर आपल्या हवेत दोन शत्रू, कसर आणि ओल. घडी घालू नका, लव बाहेर ठेवून गुंडाळी करा आणि धुतलेल्या सुती चादरीत बांधा. प्लॅस्टिकमध्ये नको, आत घाम धरतो. पावसाळा संपला की उघडून दोन्ही बाजू बघा, अंथरलेला असेल तर पलंगाखालचा अंधारा भाग आधी, कारण कसर तिथेच लागते. भिंतीवर लावायचा तर खिळे न ठोकता पाठीला सुती पट्टी शिवून दांडा घाला, आणि खिडकीसमोरची भिंत टाळा.

माझा तो पहिला गालिचा अजून आहे. नवखं कुणी शिकायला आलं की मी तो हातात देते आणि काहीच सांगत नाही. बहुतेक जण आधी नक्षीवरून हात फिरवतात. परवा एक मुलगी आली, तिने आल्या आल्या कोपरा उलटला, झालरीचा दोरा नखाने उकलून बघितला आणि म्हणाली, "हे सुती आहे ना?"